पहिल्या वेचणीचं हाड

त्या पाच बायांपैकी एक रक्त ओकून मेली, असं बद्रीनाथ मास्तर म्हणाला आणि माझ्या बोटांतली वात मधेच तुटली. एवढंच झालं. कुणाला दिसलंसुद्धा नाही. बीडच्या घराची ओसरी, तिच्यावर दहा-बारा पागोटी आणि टोप्या बसलेल्या, माझा धाकटा विठ्ठलराव वकील तक्क्याला टेकून मान डोलावतोय, आणि आम्ही बायका मधल्या दाराच्या आत. माझ्यापुढं सुपात सरकी काढलेला कापूस होता, कारण हात रिकामे ठेवून बसायची मला सवय नाही. मास्तराचा आवाज मोठा गोड. दिवसभर शाळेत पोरांना उर्दूत गणित शिकवतो आणि सोमवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर मराठीत जागृती करतो. तो सांगत होता की गोदाकाठच्या एका गावात कापसाच्या पहिल्या वेचणीला आपल्या भगिनींनी शेतात दहीभाताचा नैवेद्य मांडला आणि एका मुसलमान बाईनं त्यात हाड कालवलं. पाच जणींनी तो प्रसाद खाल्ला. एक रक्त ओकून मेली, चौघी भ्रमिष्ट झाल्या. माझी सून शिवकन्या तोंडावर पदर घेऊन "अगं बाई" म्हणाली. तिच्या पलीकडं भिवराबाई तांदूळ निवडत बसली होती, तिनंही चुकचुक केलं. स्वतःच्याच मरणावर. कारण त्या पाचांतली एक भिवरा आणि एक मी. मेलं कुणी नव्हतं, भ्रमिष्ट कुणी झालं नव्हतं, प्रसाद तर कुणी खाल्लाच नव्हता. गाव आमचं, शेत आमचं, आणि ते हाड माझं.

उठून तेवढं सांगायला दोन पावलं होती. मी तुळजाबाई, उमापूरकडच्या दोनशे एकरांची मालकीण. ह्या तोंडानं मी एका तहसीलदाराला उंबऱ्याबाहेर उभं केलंय, चुलत दिरांना चारचौघांत त्यांनी आमच्याकडं खाल्लेली उष्टी ऐकवलीत. चार बुकं शिकले नाही, पण बोलण्यात कुणाला हार गेले नाही. आणि त्या संध्याकाळी जीभ टाळूला चिकटून बसली, जसा काही तिला कुणी डिंक लावलाय. मास्तर पुढं म्हणाला, पुढच्या सोमवारी दिव्यावर हात धरून सगळ्या जमीनवाल्यांनी शपथ घ्यायची: यंदापासून मुसलमानाचं पाऊल शेतात नाही, वेचणारीण नाही, पिंजारी नाही, मणियार नाही. पहिला हात वकीलसाहेबांचा. विठ्ठलरावनं छाती पुढं काढली. त्याला काय ठाऊक. तो अदालतीच्या अर्ज्यांत वाढलेला, कापसाचं झाड त्यानं गाडीतून बघितलेलं. आमच्या शिवारात वेचणीला मुसलमानांची चाळीस घरं उतरतात, वेचणीच्या वाट्यावर त्यांचा उन्हाळा निघतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कोपऱ्यातला एक जाडजूड देशमुख म्हणाला, "ह्या सगळ्याचं एक बरं, मास्तर. आमच्याकडं ती हाडाची गोष्ट पोचल्यापासून वेचणाऱ्या बाया वाट्याचं नावच काढीनात. आपल्या आपल्यातच एकमेकींच्या ओट्या तपासायल्यात." सगळे हसले. मी वात पुन्हा पिळायला घेतली. ती होईना.

आमच्याकडं कापूस फुटला की आधी पाच झाडं पुजायची रीत. पाच सवाष्णी, पाच झाडांच्या बुडाशी दहीभात, आणि फुटलेल्या बोंडाचा तंतू ओढत ओढत ह्या झाडावरून त्या झाडावर न्यायचा, तुटू द्यायचा नाही. मग जिच्या हाताला गुण आहे तिनं पहिलं बोंड वेचायचं. तिचा हात लागल्याशिवाय कुणी झाडाला शिवायचं नाही. आमच्या शेतावर तो हात लालबीचा. मदार पिंजाऱ्याची बायको, काडीसारखी बारीक, गालात कायम तंबाखू. माझ्या सासूनं तिला तो मान दिला होता. एका वर्षी ती पहिली शिरली आणि कापूस माळवदाला टेकला, तेव्हापासून वीस वर्षं पहिलं बोंड तिचंच. त्या पाचांतही ती असायची. मुसलमान म्हणून कुणाच्या मनात आलं नाही, खरंच आलं नाही. मनात यायचं ते मांगवाड्यातल्या बायनाबाईचं. ती वेचायला सगळ्यांत चलाख, पण पूजा चालू असताना तिनं बांधावर थांबायचं. हे मी आता सांगतेय, तेव्हा मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. बांधावरून मात्र सगळं शेत दिसतं, हे ध्यानात राहिलं नाही.

त्या वर्षी, म्हणजे तीन वर्षांमागं, मालक अंथरुणाला खिळलेले, सगळा कारभार माझ्या तोंडावर. बायांचं म्हणणं आधीपासून कानावर होतं. संध्याकाळी वेचणारीण आपल्या कापसाचे दहा सारखे ढीग करते, मालक नऊ उचलतो, तिला एक. त्यांना आठच ढीग करायचे होते, म्हणजे त्यांच्या वाट्याचा ढीग मोठा झाला असता. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. पूजा झाली, तंतू पाचव्या झाडाला गुंडाळला आणि मी म्हणाले, "लालबे, कर सुरू." लालबी खाली बसली. दोन्ही हात तिनं रिकाम्या ओटीत घातले.

"हात दुखायलाय, मालकीन."

"कावून? रात्री तर मदारसंगं भांडताना चांगला चालत होता, म्हणे."

"त्यो येगळा हात. ह्यो दहाव्या ढिगानं दुखायलाय. आठ ढीग केलं की ऱ्हाईल दुखायचा."

तीस बाया खळखळून हसल्या. खरं सांगते, मलाही हसू आलं होतं, ते मी गालात धरलं. आणि मग एकेक करून सगळ्या तिच्याभोवती बसत गेल्या. तेव्हा मला डाव कळला. आमचीच रीत त्यांनी आमच्यापुढं आडवी घातली होती. लालबीनं हात लावल्याशिवाय कुणी वेचायचं नाही, मग कुणीच वेचत नव्हतं. भांडण नाही, नकार नाही, नुसती रीत. उगवतीला ढग चढत होते. फुटलेल्या कापसावर पाणी पडलं तर पांढरं सोनं पिवळं पडतं हे त्यांनाही कळत होतं. बांधावर बायनाही बसली. तीन-चार जातींच्या बाया, एकमेकींच्या घागरीतलं पाणी न पिणाऱ्या, त्या दिवशी एकाच सावलीत बसल्या होत्या, आणि त्यांत भिवरा. भिवरा माझ्या भावकीतली. तिच्या नवऱ्यानं जमीन घालवली म्हणून दुसऱ्याचं वेचते, पण रक्त आमचं. तिचा गुडघा लालबीच्या गुडघ्याला लागला होता. मला आठवा ढीग खुपला नाही. तेवढ्यानं मी उपाशी मरणार नव्हते. मला तो गुडघा खुपला. आमच्या रक्ताचा गुडघा पिंजारणीच्या गुडघ्याला टेकतो आणि माझ्याविरुद्ध टेकतो.

आठ दिवसांपूर्वी गावात ह्या मास्तरासारखेच सभावाले येऊन गेले होते. देवळात मुसलमानांवर बोलले. हे लोक बाहेरून आले, ह्यांचं मन तिकडं, तुमच्या चुलीपर्यंत आलेत, सावध राहा. बायका ऐकून घरी गेल्या, भाकरी थापल्या, विसरल्या असं मला वाटलं होतं. तिकडं मशिदीतही कुणी मोठ्या शहरातला माणूस बोलून गेला होता, ते लालबीनंच मला हसत हसत सांगितलं होतं. "मालकीन, त्यो म्हनला, तुमी समदे मुसलमान राजाच्या तख्ताचे वाटेकरी. म्या मदारला म्हनलं, इचार की रं त्येला, मंग आपला वाटा कोन खायलंय?" आम्ही दोघी त्यावर पोट धरून हसलो होतो, माझ्याच अंगणात. तेच हसू आठवलं मला त्या ढगाखाली, आणि त्याच वेळी पाचव्या झाडाच्या बुडाशी हाड दिसलं. बकऱ्याच्या बरगडीचं, बोटाएवढं. सकाळी एक तांबडं कुत्रं तोंडात काहीतरी घेऊन कापसाच्या तासातून पळताना मी पाहिलं होतं. मी पाहिलं होतं. हे मला स्वतःला किती वेळा सांगावं लागलं असेल.

मी वाकले, हाड दोन बोटांत धरून वर केलं आणि विचारलं, "हे इथं कुणी ठेवलं?"

विचारलं फक्त. कुणाचं नाव घेतलं नाही. नजर मात्र लालबीकडं नेऊन ठेवली. मला अजून कुणी कोर्टात उभं केलं तर मी म्हणू शकते, मी खोटं एक अक्षर बोलले नाही. बाकीचं काम त्या देवळातल्या भाषणानं केलं. ते विसरलं गेलं नव्हतं, सरकीसारखं आत पडून होतं, मी नुसता ओलावा दिला. तीस बायांच्या डोळ्यांत ते कसं उगवत गेलं ते मी पाहिलं. आधी नुसता प्रश्न होता. मग एकीनं दुसरीकडं बघितलं. मग कुणीतरी दहीभाताकडं बघितलं. बांधावरून बायना ओरडली, "मालकीन, कुत्रं हिंडत व्हतं सकाळी! तांबडं!" मी तिच्याकडं न बघता म्हणाले, "तुला विचारलं का? बांधावरून खाली उतरू नको." ती पुन्हा बांधावर टेकली. आणि भिवराचा गुडघा हलला. बोटभर हलला असेल. तेवढं अंतर मी माझ्या डोळ्यांनी पडताना पाहिलं, आणि मला, देवा, मला बरं वाटलं.

लालबी माझ्याकडं बघत होती. तिला राग आला असता तर मी निभावून नेलं असतं. लहानपणी खेळताना मोठ्या माणसानं लबाडी केली की पोरं बघतात तशी ती बघत होती. "मालकीन," ती म्हणाली, "तुमी?" एवढंच. मग ओटी झटकली, तिच्यातून काहीच पडलं नाही, आणि बांध ओलांडून गेली. पहिलं बोंड मी भिवराच्या हातानं वेचवलं. तिनं घाईनं ओढलं, बोंडाबरोबर पाचोळा आला. संध्याकाळी ढीग दहाच झाले. उरलेलं दही मी भिवराला दिलं.

मग गावात मदारच्या धनुकलीला काम मिळेना. गाद्या, वाकळा लोक शेजारच्या गावी पिंजायला न्यायला लागले. लालबी आणि मदार बीडला निघून गेले ते मला चार दिवसांनी कळलं. कुणी मला विचारलं असतं तर मी सांगितलंही असतं, असं मी मनाला समजावत होते. कुणी विचारलं नाही. उलट बाया माझ्याकडं येऊन तेच मला सांगायच्या. हाड एकाचं दोन झालं, मग नैवेद्याच्या शेजारचं नैवेद्यात गेलं. मी ऐकायचे. आधी आधी तर आवडायचंही, घरातलं वासरू बाजारात मोठं होऊन दिसावं तसं. पुढं मालक गेले, मी धाकट्याकडं बीडला आले, येताना भिवराला हाताखाली घेऊन आले. कशाला आणली ते मी कधी विचारलं नाही स्वतःला. आता वाटतं, साक्षीदार डोळ्यांपुढं बरा.

दुसऱ्या दिवशी देवळात जाते सांगून मी बिंदुसरेच्या काठानं पिंजार गल्लीत गेले. पत्ता माझ्याकडं तीन वर्षं होता. आत धनुकलीचा टणत्कार चालला होता आणि कापसाचे तंतू दारातून बाहेर तरंगत येत होते. लालबी उंबऱ्यात बसली होती. केस पांढरे झालेत की कापूस बसलाय ते कळेना. तिनं मला ओळखायला वेळ घेतला नाही.

"या मालकीन. बसायला पोतं हाय. चालंल का तुमाला?"

मी बसले. वाटेत मी कितीतरी शब्द जुळवले होते, त्यांतला एक राहिला. "लालबे, ते हाड कुत्र्यानं आणलं होतं. मी बघितलं होतं."

ती हसली. तेच जुनं हसू, दोन दात कमी. "आन हे मला सांगाय आलाव? म्या ठेवलं न्हाई, हे मला ठाऊकच हाय की, मालकीन. ज्येला ठाऊक न्हाई त्येला सांगा."

"माझ्यावर थुंक पाहिजे तर."

"तंबाकू म्हाग झालीया." मग तिचा आवाज खाली गेला. "तुमाला म्हाईत हाय का, हितं बी पोचलीय ती गोष्ट. माजा दीर चारचौघांत सांगतो, आमच्या भावजयीनं पाटलाच्या निवदात हाड टाकलं, अशी मर्दानी हाय. लोक मला सलाम करतेत. म्या म्हनलं, आरं, म्या न्हाई टाकलं. तर म्हन्तेत, भिऊ नको, आता आपलं राज हाय. तुमच्यात म्या चेटकीन आन हितं म्या बहाद्दर. म्या कापूस वेचनारी व्हते, आठ ढीग मागत व्हते, ते कुनाच्याच गोष्टीत न्हाई."

आतून मदारनं विचारलं, "कौन है गे?" ती म्हणाली, "गाववाली." मालकीण म्हणाली नाही. उठताना तिनं पिंजलेल्या कापसाचा एक मोठा पुंजका माझ्या पदरात टाकला. "वाती वळताव न्हवं का अजून? घ्या. असा मऊ तुमाला बाजारात मिळायचा न्हाई." मी घेतला. नाही म्हणायला पाहिजे होतं की घ्यायला पाहिजे होतं ते मला आजही ठरवता येत नाही. घरी शिवकन्यानं विचारलं, "एवढा छान कापूस कुठून आणलात, आई?" मी म्हणाले, "देवळापाशी एक बाई विकत होती."

सहा दिवस मी त्या कापसाच्या वाती वळल्या. ज्याला ठाऊक नाही त्याला सांगा. भाकरी मोडताना, अंघोळीचं पाणी घेताना, तेच. सोमवारी ओसरी भरली, दाराच्या आत बायकाही जास्त बसल्या. चौरंगावर समई ठेवली आणि शिवकन्यानं माझ्याच डब्यातली वात काढून लावली. ज्योत उंच आणि सरळ निघाली. मास्तर उभा राहिला, हाडाची गोष्ट त्यानं पुन्हा सांगितली. ह्या खेपेला दोघी मेल्या. मग विठ्ठलराव पुढं झाला आणि त्यानं हात दिव्यावर धरायला उचलला.

"थांब," मी म्हणाले. दारातून ओसरीवर आले. बायामाणसानं असं यायचं नसतं, पण माझ्यापुढं कोण बोलणार. "त्या समईतली वात पिंजारणीच्या हातच्या कापसाची आहे. लालबी नाव तिचं. तुमच्या शपथेला चालत नसंल तर विझवा."

कुणी हललं नाही. देवापुढचा लावलेला दिवा फुंकायला कोण उठतो. देशमुख आपल्या पागोट्याची गाठ चाचपत बसला. विठ्ठलराव लाल झाला, "आई, हे काय?" मास्तर हसून म्हणाला, "आईसाहेबांची चेष्टा आहे." तोंडं एकेक कशी पडतात ते बघून माझ्या जिभेला जुनी चव आली. मग कळलं की मी सांगितलं ते वातीचं. हाडाचं तसंच राहिलं. सगळ्यांची फजिती करून झाली, माझी एकटीची बाकी होती. म्हणायचे होते ते चारच शब्द. कुत्र्यानं आणलं, मी बघितलं. ओसरी गप्प होती, इतकी जागा मला पुन्हा कुणी दिली नसती. मी तोंड उघडलं आणि दाराकडं वळून विचारलं, "भिवरे, तू होतीस तिथं. सांग ह्यांना. ते हाड कुणी आणलं?"

पुन्हा विचारलंच होतं मी. सगळ्यांच्या माना भिवराकडं वळल्या, अगदी तशाच, जशा त्या दिवशी शेतात लालबीकडं वळल्या होत्या. भिवराच्या मांडीवर तांदळाचं सूप होतं. तिनं एक खडा उचलला, कुठं टाकावा कळेना म्हणून मुठीत धरला. इतके दिवस माझं अन्न खाल्लेली ती बाई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. उत्तर कुठलं द्यायचं ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होती. ते तिथं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"तुमी म्हनाल तसं, मालकीन."

आता सगळी ओसरी माझ्याकडं बघत होती. विठ्ठलरावचा हात हवेत तसाच. लालबीच्या कापसाची वात जराही न तडतडता जळत होती.

मी म्हणाले, "समईत तेल कमी झालंय. घाला."

भिवरा उठली आणि तिनं तेल घातलं.